ककणेरीच्या झाडाचं गाऱ्हाणं

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय. देवाच्या रानात कायदा कुणाचा चालतो? देवाचा, की सरकारचा? — ते खांबाला टेकलेले आजोबा हसले बघा! मनात म्हणाले असतील, 'बुवा, आमच्याकडे दोघांचाही चालत नाही!' हसा, पण कान इकडे ठेवा.

तळकोकणात सातवणे नावाचं गाव. देवळामागे देवराई, देवाच्या नावानं राखलेलं रान! पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, अशी शिस्त. पण देऊळच दुरुस्तीला निघालं, आणि तुळईला लाकूड हवं! मग गावानं देवाला कौल लावला. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली की देव 'हो' म्हणाला. विचारलं, 'देवा, राईतलं ते मोठं ऐनाचं झाड घेऊ का?' उजवी पाकळी — टप्प! झालं! आनंदीआनंद!

वनखात्याच्या सुषमा तांबे तिथंच होत्या. म्हणाल्या, "दाजी, त्या झाडावर ककणेर ये-जा करतो. मोठ्या चोचीचा धनेश हो! वर ढोलीत त्याचं घरटं असणार. ते मोडणं गुन्हा आहे. झाडाला हात लावू नका."

दाजी राऊळ म्हणजे गावचे मानकरी! मिशीवर हात फिरवून म्हणाले, "बाई, देवान व्हय म्हटल्यान! तुमचो कायदो राईच्या भायर!"

बाई साहेबांना कळवायला निघाल्या, फोनला रेंज शोधत पार टेकडीवर! आणि इकडे दोर आले.

पहिला घाव कुणाचा? लाडू मेस्त्रीचा! नाव लाडू, अंगानं मात्र सुपारीच्या झाडासारखा! देवळाच्या लाकडावर पहिला घाव त्याच्या घराण्यानं घालायचा, पाच पिढ्यांचा मान. नाही म्हटलं, तर मान चुलत्याच्या घरी गेला, कायमचा! लाडूनं कुऱ्हाड कमरेला खोचली आणि फांद्या उतरवायला वर चढला.

साठ हात वर गेला, आणि थबकला. समोर ढोली. तिचं तोंड लिंपून बंद! मध्ये फक्त दोन बोटांची फट, आणि फटीत चोचीचं टोक हलतंय!

एवढ्यात आवाज झाला — कुणी आभाळात सुपानं पाखडतंय असा! ककणेर आला! समोरच्या फांदीवर बसला, आणि गळ्यातून एक लाल उंबर काढून फटीत दिलं. दुसरं काढलं. तिसरं... पाचवं... बारावं! अहो, गळा की झोळी?

तो उडाला, तसा लाडूनं फटीला डोळा लावला. आतून एक डोळा त्याच्याकडे बघत होता! त्या डोळ्याला पापणीचे केस, मंडळी! पाखराला! ही त्याची मादी, ककणेरी! तिनं स्वतःला आत कोंडून घेतलेलं. पंखांची पिसं गळून खाली पडलेली. पोटाशी उघडंनागडं पिल्लू. तिला उडता येत नव्हतं. नवरा उंबर घेऊन परत येईल, एवढ्या एका भरवशावर ती बसली होती! कुणी शिकवलं हो तिला? कुठल्या शाळेत?

लाडूला घाम फुटला. आजवर दोनशे झाडं उतरवली. त्यातल्या कितींत असा डोळा होता? तो झाडाला मिठी मारून तसाच राहिला. मग खाली उतरला.

"काय झाला रे?" दाजी ओरडले.

"दाजीनू, आत बाई बसलीहा. बाळंतपणाक. मी घाव घालूचंय नाय."

"मान जायत तुझो!"

"जांवदे." म्हणाला खरा, पण डोळ्यांत पाणी आलं. ती कुऱ्हाड बापानं हातात दिलेली होती. "पन देवाक परत गाऱ्हाणा घाला. ह्या खेपेक सगळा सांगा."

कोकणातलं गाऱ्हाणं ठाऊक आहे ना? एकानं देवाला सांगायचं, आणि सगळ्या गावानं गरजायचं, 'व्हय म्हाराजा!' लाडूनं वर पाहिलेलं सगळं सांगितलं, आणि दाजींनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या राईत एक बाई सोताक कोंडून बसलीहा. तिचे पंख गळलेत. पोटाशी पिल्लू आसा. तिका मारून आमका तुळई होयी..."

दोनशे माणसं! एकाच्याही तोंडून 'व्हय' निघेना. वर पुन्हा सुपानं पाखडल्याचा आवाज झाला. दोनशे माना वर गेल्या, आणि बायकांनी हात जोडले. दाजींनी पंच्यानं डोळे पुसले. "माका ह्या पुढे बोलाक जमाचा नाय," म्हणाले.

सुषमाबाई धावत आल्या, साहेबांचा हुकूम घेऊन. तोवर दोर गुंडाळून झाले होते!

मग आधी देव खोटं बोलला का? छे! आपण अर्धंच विचारलं! आणि कायदा तरी वेगळं काय म्हणतो? घाव घालण्याआधी बघ, आत कोण राहतं! त्या झाडाखाली देवाचा आणि सरकारचा कायदा एकच निघाला, मंडळी.

आता तुम्ही! डोंगर पेटवून काजू लावणारे इथं बसलेत. नावं घेत नाही, माना आपोआप खाली गेल्यात! उद्या काडी ओढण्याआधी एवढंच करा. घरात बायकापोरांसमोर उभे राहा. त्या रानात कोण कोण राहतं, कुणाचं पिल्लू कुठं आहे, सगळं मोठ्यानं सांगा. आणि मग बघा, घरातलं कोण 'व्हय म्हाराजा' म्हणतं!