हातशिलाईची पट्टी

दवाखान्यात तपासणीचे पैसे भरायच्या रांगेत एका ड्रायव्हरच्या पुढे एक शिंपीणबाई आणि तिचा नवरा उभे होते. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणतात, पण रांग हलेल तर शपथ.

"तिसऱ्यांदा मेंदूचा फोटो काढायचा नाही. पैसे भरू नका."

"अगं, हात थरथरतात तुझे. डॉक्टर म्हणाले, वय झालं."

"वय काय मंगळवारी येतं आणि शनिवारी परत जातं? ही पट्टी बघा."

"चिंधी आहे ही."

"रोज सकाळी हिच्यावर हातशिलाईची एक ओळ घातलीय. सव्वा महिना. वरून बघत या."

"सरळ आहे."

"इथं दम्याची नवी गोळी सुरू झाली."

"ही तर दारुड्यासारखी चाललीय."

"आणि इथं औषधाच्या दुकानातली गोळी संपली होती. चार दिवस."

"चारही ओळी सरळ."

"मग गोळी आली."

"पुन्हा वाकडं."

ड्रायव्हर न विचारताच पट्टीवर वाकला. मागच्या दोघांनीही माना पुढे काढल्या.

"मला का नाही सांगितलंस?"

"म्हणाला असतात, डॉक्टरांपेक्षा शहाणी झालीस."

"म्हणालोच असतो."

"मग म्हणा आता."

नवऱ्याने पट्टी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. मग हातातल्या नोटा खिशात घातल्या.

"चल, आधी त्यांनाच दाखवू."

"चिडले तर?"

"चिडू देत. पट्टी मी धरतो, तू बोल."