पाल्यात कायबी न्हाय

— न्हाय ओ मावशी, ती पिशवी टेबलावर नका उलटी करू! उचला, उचला. बगा, माती सांडली सगळी. एकदांडी हाय, दिसतंय की मला, एकदांडी कोण वळखत न्हाय — खरचटलं की चोळून लावतो तोच पाला. बांधावरनं उपटली व्हय? आन करमाळ्यापासनं एसटीत मांडीवर घेऊन आला? अर्धी सडलीय ओ ही, वास कसा मारतोय. बसा. त्या स्टुलावर बसा. मघापासनं सांगतेय, झीनत मॅडम मीच, पेपरात फोटो आलेला तो माझाच, आन औषध न्हाय माझ्याकडं. लपवून ठेवलंय असं वाटतंय काय? उघडा कपाट. बाटल्या हायत, घाण वास हाय, बाकी काय न्हाय. — आन ते फडक्यातलं काय सारखं पुढं करताय? भाकरी असंल, तूप असंल, तुमच्यापाशीच ठेवा. मागं एकानं कोंबडी आणली होती, जिती, ह्या लॅबमदी! मला शिसारी आलीय मावशी ह्या सगळ्याची, खरंच सांगते.

तुमच्या मालकांना घशाचा कॅन्सर हाय, दवाखान्यात केमो चालू हाय, आन तुमी त्यांना अर्ध्यातनं उठवून घरी नेलंत. का? तर ह्या पाल्यासाठी. पाल्यात कायबी न्हाय ओ. नीट ऐका. आमी काय केलं — पाला वाळवला, कुटला, स्पिरिटसारखं एक असतंय त्यात भिजवला आन अर्क काढला. ह्या काचेतनं त्या काचेत न्यायला ही नळी लावली. हात लावून बगा, सलाइनच्या नळीवानी मऊ हाय न्हवं? ती मऊ राहावी म्हणून तिच्यात एक तेलकट रसायन घातलेलं असतंय. स्पिरिट तिच्यातनं गेलं की ते रसायन सुटतंय आन अर्कात उतरतंय. कळलं? न्हाय कळलं. बरं — नव्या लाल लुगड्यासंगं पांढरं धोतर भिजवलं तर धोतर लाल व्हतंय का न्हाय? मग कुणी म्हणंल का, लाली धोतरातच होती म्हणून? आमी म्हणलं. छापून आणलं. एकदा मी पाला न घालताच नुसतं स्पिरिट फिरवून बगितलं — पहिल्या दिवशी करायची गोष्ट, कुणी केली न्हाय — तर तेच रसायन निघालं. पाला न्हाय, कायबी न्हाय, तरी औषध तयार! आन कॅन्सरच्या पेशी मेल्या त्या कुटं? काचेच्या बशीत. बशीत तर फिनेलनंबी मरतात त्या, म्हणून माणसाला फिनेल पाजायचं? उंदराला सुद्धा दिलेलं न्हाय ओ आमी.

झाडात औषध नसतंच असं न्हाय म्हणत मी. सदाफुली म्हाईत हाय न्हवं, अंगणातली? तिच्यातनं निघालंय कॅन्सरचं एक औषध, दवाखान्यात सुईतनं देतात. पण त्याच्यापायी लोकांनी वर्सानुवर्सं हाडं झिजवली, तवा कुटं ते सुईत आलं. सदाफुली चावून कोण बरं झालेलं न्हाय. आन आमी? आमी एक नळी बदलून बगायचे कष्ट घेतले न्हाईत.

काय? सरांना? सांगितलं की सरांना, त्यांच्याच हाताखाली काम करते मी. ते चहात खारी बुडवून खात होते. खारी मिशीला लागलेली, आन म्हणतात कसे — झीनत, तुला पीएचडी करायची हाय का न्हाय? आता छापून आलंय, सत्कार झालाय, पुडच्या महिन्यात बाहेरदेशी जायचंय मला हेच घेऊन, तू गप बस. आन परत बुडवली खारी. मग मी काय केलं? काय करणार, बाहेर आले आन नळी धुऊन ठेवली.

पेपरवाल्यांचं तर विचारूच नका. ‘सोलापूरच्या कन्येने शोधले कर्करोगावर औषध’ — एवढं मोठं, आन खाली माझा फोटो, हातात एकदांडी. नवरीच्या हातात फुलं देतात तशी दिली होती त्या फोटोवाल्यानं. आमच्या अब्बूंनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलंय. पिको-फॉलचं दुकान हाय त्यांचं, भवानी पेठेत. मशिनीच्या वर टांगलंय. बाई फॉल लावायला आली की आधी कात्रण, मग साडी. जन्मभर दुसऱ्याच्या साड्यांच्या किनारी बगितल्या त्यांनी, आता मान वर करून पोरीकडं बगतायत. त्यांना न्हाय सांगितलं मी अजून. कसं सांगू? — ते जाऊ द्या. तो काय तुमचा विषय न्हाय.

मला फकस्त एक सांगा, तुमाला हितं पाठवलं कुणी? असल्या माणसाचं तोंड बगायचंय मला एकदा. आजाऱ्याला खाटेवरनं उठवायचं आन पाल्यामागं लावायचं, एवढी अक्कल पाजळतंय कोण? समोर आणा त्याला, थोबाडीत देते. पेपरवाला? न्हाय? मग कोण, जडीबुटीवाला? बोला की. — पुन्हा ते फडकं! बरं, आणा. आणा इकडं, खाते एकदाची तुमची भाकरी. भूकबी लागलीय, सकाळी डबा घरीच विसरले मी.

... हा डबा तुमाला कुणी दिला?

झाकणावर माझं नाव हाय. मी दहावीत असताना अम्मीनं कोरून घेतलेलं. — तुमी भवानी पेठेत कशाला गेला होता? भाची हाय तुमची तितं? तिच्या साडीला फॉल लावायला, गेल्या आठवड्यात. बरं. आन आज रस्ता विचारायला गेला, तर त्यांनी डबा दिला. आन तवा, गेल्या आठवड्यात, काय म्हणले ते? ... पुन्हा सांगा. ‘दवाखान्यात कशाला सडवता मालकांना, माझी पोरगी हाय की’. असं म्हणले? कात्रणाकडं हात करून?

थांबा. फोन वाजतोय. त्यांचाच हाय.

— जी अब्बू. हौ, मिला डब्बा. हौ, आये ना वो मावशी, सामनेच बैठे. नै, गुस्सा नै करी. ... अब्बू, सुनो ना — हौ. हौ, बोलो तुम. ... और दो जनां कू भेज रैं? कल? ... हौ अब्बू. हौ. देखती. खाती मैं, अब्बीच खाती.

...

काय बगताय? सांगणार हाय मी त्यांना. आज न्हायतर उद्या सांगणारच हाय. फोनवर सांगायची गोष्ट हाय काय ही? उठा. पाला राहू द्या हितंच, मी टाकते. मालकांना परत दवाखान्यात आणा, डॉक्टर ओरडले तर ओरडू द्या, पाया पडा त्यांच्या, पण आणा. हा डबाबी न्या, माझ्या गळ्याखाली न्हाय उतरायचा. जावा मावशी. जावा म्हणलं ना.

— आन मावशी, स्टँडला जाताना भवानी पेठेतनं नका जाऊ.