कर्णिक सरांनी न घेतलेला टाइमआउट

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय हरेशशेठ, प्राचार्या सुनिता मॅडम, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते बास्केटबॉलचे प्रशिक्षक इंद्रजीत कर्णिक सर, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या वहिनी, व्यासपीठावरील मान्यवर, आणि मागच्या रांगेत मुद्दाम घोळका करून बसलेल्या आपल्या टीमच्या मुलींनो, सर्वांना माझा नमस्कार आणि सलाम.

मी नूरुन्निसा मुकादम. बाजारात आमचं क्रोकरीचं दुकान आहे. माझी जास्मीन या कॉलेजच्या टीममध्ये होती. ती शिकून पुण्याला नोकरीला लागली, पण तिची आई अजून प्रत्येक मॅचला हजर असते. माझे मिस्टर कतारला असतात. मॅच असली की बायको फोन उचलत नाही, हे त्यांनाही आता सवयीचं झालंय.

प्राचार्या मॅडम म्हणाल्या, "नूरआपा, सरांबद्दल दोन शब्द चांगले बोला." बोलते. सर मैदानावर कधी उशिरा आले नाहीत, हा पहिला. कुठल्याही मुलीवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही, हा दुसरा. आमच्या मोहल्ल्यातून, बेलपाड्यातून, पार उलव्यातून आईबापांनी मुली खेळायला पाठवल्या त्या या माणसाच्या भरवशावर. झाले चांगले दोन शब्द. आता मी माझं बोलते.

कर्णिक सर, तुमचे डावपेच मला कधीच पटले नाहीत. आज तुम्हाला शाल मिळाली म्हणून ते पटायला लागतील, असंही नाही. समोरची टीम अंगावर धावून येतेय, आपल्या मुलींच्या हातून बॉल सुटतोय, मी गॅलरीत घसा फोडतेय, आणि तुम्ही काय करताय? चष्मा पुसताय. एकदा तर तुम्ही फारच अदबीने माझ्याकडे आलात आणि म्हणालात, "मॅडम, पलीकडच्या बाजूला बसा ना, तिकडे ऊन कमी असतं." मॅच संध्याकाळची होती.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टीम गडबडली की कोच टेबलाकडे जातो, एक हात आडवा धरतो आणि दुसऱ्या हाताचं बोट खालून त्याला टेकवतो. याला टाइमआउट म्हणतात. घड्याळ थांबतं. मिनिटभर मुली पाणी पितात, डोकं ताळ्यावर येतं. तो फक्त कोचने मागायचा असतो. कप्तानाने मागून चालत नाही, प्रेक्षकांनी तर नाहीच. मी मागून पाहिलाय, मला बाहेर काढायची वेळ आली होती. आणि ठरलेल्या वेळात घेतला नाही तर तो बुडतो, पुढे नेता येत नाही.

यंदाची खारघरची फायनल आठवा. आपण चांगले पुढे होतो. मग त्यांनी पूर्ण मैदानभर आपल्या मुलींना घेरायला सुरुवात केली. आपली कप्तान माधुरी, ती बघा, मागे मान खाली घालून बसलीय, ती सारखी बाकाकडे बघत होती. सर, तिचे डोळे मला पलीकडच्या गॅलरीतून दिसत होते, तुम्हाला चार हातांवरून दिसले नाहीत? आपण हरलो. तुमचे टाइमआउट तसेच राहिले. मी खाली येऊन विचारलं, का नाही घेतला? तुम्ही म्हणालात, "अडचणीला ठेवला होता, मॅडम. शिवाय मुलींना आपलं आपण सावरता आलं पाहिजे." या माणसाला अडचण म्हणजे नक्की काय वाटते, हे मला त्या दिवसापासून कळलेलं नाही.

सुनिता मॅडम, तुम्ही घड्याळ दाखवताय, मला दिसतंय. थोडंच राहिलंय.

आज येताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वॉचमनने सांगितलं असेल की गाडी आत बास्केटबॉलच्या कोर्टवर लावा. मी माझी स्कूटर गल्लीत लावून चालत आले. कोर्टवर चुन्याच्या रेघा मारल्यात, एका गाडीला एक चौकोन. सोमवारी रिंगचे खांब काढणार आणि तिथे कायमचं पार्किंग होणार, हे या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. इतकी भाषणं झाली, कोणी शब्द काढला? खेळाची आवड, खेळाचे संस्कार, सगळं झालं. खेळायचं कुठे, ते कोणी सांगितलं नाही. गावात मुलींना बिनधास्त खेळता येईल अशी दुसरी जागा आहे का, तेही कोणी सांगावं.

मुली हरेशशेठना भेटून आल्या. शेठ, तुम्ही त्यांना चहा पाजलात, नीट ऐकून घेतलंत, त्याबद्दल शुक्रिया. पण तुम्ही काय म्हणालात, ते माधुरीने मला सांगितलंय. "कर्णिक सर काय बोलले नाय, मंग तुमी कशाला बोलता? सर बोलले तर बगू." बरोबर आहे ना, शेठ? तुमची स्वतःची मुलगी सरांच्या हाताखाली खेळलीय, तुम्ही त्यांचा शब्द टाळणार नाही हे आम्हाला माहीत आहे. मग मुली सरांकडे गेल्या. सर म्हणाले, "बघू, अजून वेळ आहे." माधुरी माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "आपा, सर काय बोलनार नाय. ते बसूनच ऱ्हातील."

कर्णिक सर, आता तरी वेळ राहिलाय का? उद्यापासून तुम्ही इथले कोच नाही. मग तुमच्या बोलण्याला माझ्या ओरडण्याइतकीच किंमत. हा टाइमआउट आम्ही कोणी मागून उपयोग नाही, तुम्हालाच मागावा लागेल, आणि आजच. मला तुमचा गुस्सा येतो, सर, खूप येतो, कारण तुम्ही उभे राहिलात तर या मुली जिंकतात असं मला अजूनही वाटतं. आता मी गप्प बसते. माइक इथेच आहे.

वहिनी, त्यांचा हात धरू नका. उठू द्या त्यांना.

शाल पडली तर पडू दे, सर. हां. एक हात आडवा. दुसरा खालून.

हरेशशेठ, बघितलंत? सरांनी मागितलाय. तुम्ही मान डोलावलीत, ती हॉलमध्ये सगळ्यांनी बघितली. मग सोमवारी खांबांना हात लागणार नाही. आणि कार्यक्रम संपला की सगळ्यांनी आपापल्या गाड्या कोर्टवरून काढा, मुलींना चुना धुवायचाय. माधुरी, रडतेस काय, पाइप कुठे आहे ते बघ.

मला बोलायला दिलंत, आपली आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल, मान राखण्यात काही कमी पडलं असेल, तर मोठ्या मनाने माफ करा. फायनलचं मात्र मी माफ केलेलं नाही, सर. ते तुम्ही खारघरलाच करायला हवं होतं.