पाचव्या खिडकीचा माथा

(स्कॉटलंडमध्ये, पर्थच्या उत्तरेला, एका जुन्या जमीनदार घराण्याच्या मोठ्या घराचं स्वयंपाकघर. बाहेर दर्शनी भिंतीला परांची बांधली आहे. खिडकी उघडी.)

मर्डो: एवढंच विचारतोय एफी, तुझं माहेरचं आडनाव गेडिसच ना?

एफी: आधी पाय पूस. सगळा चुना घरात आणलास. आणि माहेर कशाला काढतोयस माझं?

मर्डो: टॅम खाली छिन्नी घेऊन खोळंबलाय. वादळात पडला ना, तो पाचव्या खिडकीवरचा दगडी माथा नव्यानं घडवायचाय आज. त्यावर बाबांच्या आणि तुझ्या नावाची पहिली अक्षरं घालायची.

एफी: त्या दगडावर तुझ्या आईची होती.

मर्डो: आई कसली! चार वर्षांचा होतो मी. तोंडसुद्धा आठवत नाही. दुसऱ्याचा हात धरून कॅनडाला गेली, आणि तिची अक्षरं मात्र छपरात पक्की. वाढवलं कुणी मला?

एफी: वाढवलं म्हणून बक्षीस देतोयस होय? अरे, त्या खिडक्या काय सांगतात? कोण कुणाशी लग्न करून या घरात आलं, तेवढंच. पुढे कोण कसं वागलं ते नाही सांगत. तसं असतं तर तुझ्या पणजोबांचाही दगड उतरवावा लागला असता.

मर्डो: तुझंही लग्न झालं होतं की बाबांशी.

एफी: झालं. पर्थच्या कचेरीत, पावसात, दोन साक्षीदार धरून.

मर्डो: मग तेव्हा दगड का नाही मागितलास?

एफी: मागितला होता. तुझे बाबा म्हणाले, पाचही खिडक्या भरल्या. सहावी काढली तर घराचा तोंडवळा बिघडेल, एक बाजू जड दिसेल. आणि त्याबदली मला नवी चूल बसवून दिली.

मर्डो: ही?

एफी: हीच. चूल चांगली आहे, तक्रार नाही. पण त्या दिवशी कोळशाच्या खोलीत बसून रडले मी.

मर्डो: मग आता घे ना! दगड कोरा आहे. जुन्या घरांत काही बदललंय का ते तपासायला येते, त्या सरकारी बाईची काळजी करू नकोस. तिला परांचीवर चढायची भीती वाटते.

एफी: मर्डो, नीट ऐक. तुझ्या आईच्या, जेनेटच्या खोलीत राहिले, तिच्या पलंगावर झोपले, तिच्या कपातून चहा प्याले. तेवढं पुरे झालं. आता तिच्या खिडकीत नाही जायचं मला.

मर्डो: म्हणजे तुझं नाव कुठेच नाही राहणार.

एफी: नको राहू दे. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण उद्या तुझी पोरं वर बघतील, तेव्हा त्यांना खरं दिसू दे. ती नसती तर तूही नसतास, आणि मग मी कुणासाठी राहिले असते या थंडगार घरात? तुझ्या बाबांसाठी?

मर्डो: बाबांसाठी नाही?

एफी: ते चुलीवर खूश होते. जा, सांग त्याला. दगड तसाच ठेवून बसलाय बिचारा.

मर्डो: टॅम! ए टॅम! जुनीच अक्षरं घाल!

टॅम: नक्की ना? सकाळी तर वेगळंच सांगत होतास. एफीबाईंनी फिरवलं वाटतं तुझं डोकं?

मर्डो: आईनं.