दांडा सोडू नका

…पायरीवर पडली, हे मी तुम्हाला फाटकातच सांगितले, व्याहीबुवा, आणि पुन्हा विचारलेत तरी तेच सांगेन — न्हाणीघराची पायरी ओली होती, पाय सरकला, सगळा भार मनगटावर आला, मोडले, संपले. त्यासाठी तुम्ही पहिली गाडी पकडून धावत यावे असे काय होते? मुलीच्या बापाला काळजी वाटते, मान्य. पण हात दुखावला की लगेच माहेर, ही सवय चांगली नव्हे. इथे काय तिला घाण्याला जुंपली आहे? बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडला आहे — कालच मोडला — हा डबा घ्या पालथा. ही मोटार आत्ता चालू होईल, मी स्वतः तुम्हाला स्टेशनावर सोडतो. तुम्हाला. एकट्याला. सूनबाई इथेच राहील.

आलाच आहात तर हे बघा, या बॉनेटखाली. हा जो लोखंडी हात दिसतो ना, टोकाला चाक असलेला, हा टेन्शनर. याच्या पोटात दणकट स्प्रिंग असते. इंजिनाचा बेल्ट कायम ताणून धरायचा, एवढेच याचे काम. गाडी जुनी, माझ्या नोकरीइतकी जुनी म्हणा, आणि हा गंजून सांध्यातच अडकला. जाम. मग बेल्ट ढिला, गाडी सुरू केली की किंचाळते, सगळी गल्ली खिडकीत येते. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, ‘मास्तर, तेल सोडा आणि थांबा, सावकाश सुटेल. नाहीतर नवा घाला.’ थांबा — मला सांगतो थांबा. जन्मभर तंत्रशाळेत पोरांना लोखंड शिकवले मी. थांबून काय सुटते, सांगा? काही सुटत नाही. मी हातोडी घेतली. मुळाशी एक, वरून एक, मग मोजले नाहीत. हातोडीचा दांडा तुटला, दुसरी आणली. हे कवच चेपले आहे, हा पत्रा फाटला आहे, सगळे त्यातलेच. तळहाताची साल निघाली तरी थांबलो नाही. आणि सुटला. सुटला की नाही? मारल्याशिवाय काही वठणीवर येत नाही, व्याहीबुवा, लोखंड असो नाहीतर माणूस. तुम्ही देवाधर्माचे, मीही आहे — देवापुढे हात जोडल्याशिवाय घोटभर पाणी घेत नाही मी — पण देवसुद्धा चुकणाऱ्याला गोंजारत बसत नाही.

चिरंजीवांचे काय विचारता. आत असतील, खोलीत. तुमचे जावई — शिकलेले, बोलायला गोड, आणि हात लोण्याचे. हे काम दोघांचे, एकट्याने होत नाही: एकाने हा लांब दांड्याचा पाना लावून स्प्रिंगच्या विरुद्ध टेन्शनर दाबून धरायचा, दुसऱ्याने बोटे आत घालून बेल्ट चाकावर चढवायचा. धरणाऱ्याने सोडायचे नाही, बस. काल संध्याकाळी दांडा त्याच्या हाती दिला. म्हटले, धर. मी बोटे घातली आणि याने सोडला. शिंक आली म्हणे. शिंक. हे नख बघा, कोळसा झाले आहे. मला समोरचे दिसेनासे झाले. आणि हा आधीच भिंतीला टेकलेला, डोके कोपरात घालून. तिशी उलटली, तरी मी नुसता हात वर केला की कोपर डोक्यावर जाते याचे. कोणी बघितले तर काय म्हणेल? म्हणेल, बाप रोज मारतो की काय. रोज कुठे?

उठता का जरा? या इकडे. तुम्ही सुतार माणूस, तुमच्या मनगटात जोर आहे. घ्या हा दांडा. दोन्ही हातांनी, पाय रोवून. दाबा. आणखी. बघा, कसा निमूट वळतो — याला म्हणतात धरणे. आता तसाच ठेवा. मी बोटे घालतो. आधी मोठ्या पुलीवरून… मग या चाकाखालून… हं, काहीतरी टोचले. थांबा, हे निघाले. काच. सगळी वेचली होती मी काल, तरी राहिलीच. दिव्याची हो, हातदिव्याचा बल्ब फुटला. ती दिवा धरून इथे उभी होती ना, तिला धड एका जागी उजेड धरता येत नाही, आणि एकदम मध्ये धावली तर दिवा फुटणारच, मी काय तिच्यावर नेम धरून—

काय? नाही. पायरीच म्हटले मी. हो, न्हाणीघराची. ते मागाहून. आधी इथे दिवा फुटला, आणि मग ती तिकडे हात धुवायला… व्याहीबुवा, दांडा वर येतोय. हात भरून आले असतील तर सांगा, मी बोटे काढतो. नाही, आता नाही निघत. बेल्टखाली दबली, दोन्ही हातांची. तुम्ही थोडा आणखी दाबलात तरच निघतील. दाबा. माझ्याकडे काय बघता, दांड्याकडे बघा. हा खेळ नव्हे. काल बेल्ट चाकावर चढलाच नव्हता म्हणून नखावर भागले. आज ताणात आहे, आज बोटेच जातील. सोडू नका. सोडू नका, व्याहीबुवा.

बरे. ऐका. तिच्यावर मी हात उचलला नाही. देव ऐकतो आहे, म्हणून शब्द तोलून सांगतो: तिच्यावर नाही. त्याच्यावर. माझ्या मुलावर, माझ्या. आधी स्टूल फेकले, ते त्याने चुकवले. मग हा दांडा — हो, हाच, तुमच्या हातातला. तो त्याला चुकवता आला नसता, डोळे मिटूनच उभा होता तो, कपाळावरच बसला असता, आणि ती मध्ये आली. दिव्यासकट. हात पुढे करून. कोणी सांगितले होते तिला? आवाज झाला, वाळकी काटकी मोडावी तसा. ती ओरडलीही नाही. पायरीचे दवाखान्यात मीच सांगितले, ती नुसती मान हलवत होती. झाले. ऐकलेत ना? आता दाबा.

न्या तिला. मी आधी नको म्हटले, आता न्या म्हणतो. आजच न्या. आणखी काय कबूल करू? दोन्ही हातांना मुंग्या आल्या आहेत, रक्त थांबले आहे. निदान शिव्या तरी द्या… दारात कोण? सूनबाई? कधीपासून उभी आहेस? तू आत जा. नाही — थांब. ये. तुझ्या वडिलांना सांग. मी सांगून ऐकत नाहीत ते. तू मान हलवू नकोस, बोल काहीतरी, बोल.

काय म्हणालीस?

ऐकलेत? ‘बाबा, दाबा’ म्हणते आहे. तुमची मुलगी म्हणते आहे. गळ्यात बांधलेला हात घेऊन म्हणते आहे. दाबा हो.

…हं. हं. निघाली. सगळी आहेत. हलतात.

आई गं — असा सोडतात का दांडा? धाडकन आपटला चाकावर, कवचाचा तुकडा उडाला बघा. पापणी लवायच्या आत. तिथेच माझी… तुम्ही थांबलात. मी हात काढीपर्यंत थांबलात आणि मग सोडलात. कळले मला. एवढे समजावून सांगायची गरज नव्हती.

जा. घेऊन जा तिला. गाडी नाही, चालत जा, रस्ता माहीत आहे तुम्हाला. आणि तिची पिशवी कोणी उचलली? तू? तू कुठे निघालास, चिरंजीव? स्टेशनपर्यंत? स्टेशनपर्यंत जायला दोन पिशव्या लागत नाहीत. नीट उभा राहा माझ्यासमोर. मी काही करत नाही, माझे हात खाली आहेत, बघ, बोटे वळतसुद्धा नाहीत अजून — मग कोपर का वर नेतोस? आता कशाला वर नेतोस?

जा. सगळेच जा. बेल्ट माझा मी चढवीन. दांडा तिथेच टाका, व्याहीबुवा, मला लागेल. आणि फाटक ओढून घ्या.