लेकीच्या तोंडातली प्लेट

...छे हो, जेवतानासुद्धा काढायची नाही म्हणे! म्हणजे बघा, बायको गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी बारा वर्षांची लेक, त्यात बोलणारी ती, मी आपला हुं हुं करणारा... आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नेमकी तिच्याच तोंडात वर एक, खाली एक प्लास्टिकची प्लेट बसवली. आता प्लेट आहे म्हटल्यावर पोर बोलणार कशी?

तुम्हाला सांगतो, मी विचारलं, शेजारच्या मुलाला नुसत्या तारा, मग हिलाच हे का? तर बाई मला पहिलीत बसवल्यासारख्या सावकाश, "त्याचे जबडे जागेवर आहेत, दात तेवढे वाकडे. हिचा खालचा जबडाच मागे राहिलाय. प्लेट त्याला पुढे धरून ठेवते. वाढतं वय आहे, आत्ताच उपयोग होतो." वरचा जबडा मागे असता तर म्हणे चेहऱ्यावर लावायचं वेगळंच काहीतरी. म्हटलं, हनुवटी माझ्यावर गेलीये, मलाही बसवा एक. "तुमची वाढ संपली," म्हणाल्या. "तुम्हाला ऑपरेशनच." झालं! लागला निकाल.

घरी आलो. ही म्हणते, "बाबा, शकाळी लवकर उथव." मी म्हणतो, काय? "शकाळी." काय? तिसऱ्यांदा तिनं मान हलवली आणि आत गेली. मग जेवताना नुसते चमचे वाजायचे. मीच बोलायला लागलो... ऑफिसची लिफ्ट बंद पडली, साहेबांनी टक्कल केलं... ती मान डोलवायची. मी मनाला सांगायचो, प्लेट आहे, पोर बोलणार कशी?

आणि एका संध्याकाळी दूध घेऊन गेलो, तर दार लोटलेलं, आत ही मैत्रिणीशी फोनवर! एकेक 'स'चा 'श' करत, खिदळत, अखंड... प्लेट तोंडातच बरं का. पलीकडच्या पोरीला सगळं कळत होतं. मी उभा राहिलो, उभा राहिलो, दुधावर साय धरली, मग परत स्वयंपाकघरात येऊन मीच प्यायलो.

परवा बाई खूश. जबडा छान पुढे आलाय, प्लेट काढू, आता दातांना तारा, "बोलायला काही त्रास नाही."

म्हटलं, "अजून थोडे महिने ठेवता नाही का येणार?"

"कशाला? काम झालं तिचं."

आता त्यांना काय सांगू... प्लेट होती तोवर घरातल्या शांततेला निदान कारण तरी होतं.