पुढच्या मार्चचा पहिला नंबर

विजयकुमार : नाही म्हणजे नाही. हा सौदा मी मंजूर करणार नाही.

सुचित्रा : अहो विजयसर, जेराल्ड मला त्याचा सगळ्यात भारी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, देतोय. बदल्यात पुढच्या मार्चच्या ड्राफ्टमधला माझा पहिला नंबर त्याला. खेळाडू निवडताना माझ्याऐवजी तो आधी उचलणार. यात तुमचं काय जातंय?

विजयकुमार : मी लीगचा कमिशनर आहे.

जेराल्ड : सर, दुबईच्या या आख्ख्या सिलिकॉन ओएसिसमध्ये कोणी बेसबॉल बघितलेला नाय. अमेरिकन बॉसने ऑफिसात ही तिकडच्या खऱ्या खेळाडूंच्या कागदी टीमची लीग चालू केली, तो टेक्सासला परत गेला. बंद करू का म्हणून विचारायची कोणाची हिंमत झाली नाय, म्हणून आपण खेळतोय.

विजयकुमार : म्हणूनच नियम हवेत. खेळ कळत असता, तर नियम कशाला लागले असते?

सुचित्रा : नियमात आहे की! पुढच्या एका वर्षाचा नंबर देता-घेता येतो. तुम्हीच लिहिलंय.

विजयकुमार : त्याला आजपासून पोटनियम आहे. पुढचा नंबर घेणारा माणूस त्या वर्षी लीगमध्ये असेल, याचा भरवसा पाहिजे.

सुचित्रा : भरवसा? दुबईत? हबीबी, इथे व्हिसाच दोन वर्षांचा असतो! आणि परवा निखिलने अर्सलानचा नंबर घेतला, तेव्हा कुठे होता पोटनियम?

विजयकुमार : निखिलची गोष्ट वेगळी.

जेराल्ड : ती कशी?

विजयकुमार : त्याचं रिन्यूअल झा... त्याची टीम चांगली आहे.

जेराल्ड : निखिलची टीम शेवटून पहिली आहे, सर.

सुचित्रा : विजयसर, तुम्ही हे कमिशनर म्हणून बोलताय, की एचआर मॅनेजर म्हणून?

विजयकुमार : मी नियमाचं बोलतोय.

जेराल्ड : मग मला पण नियमाचंच सांगा. सीझन सप्टेंबरअखेर संपतो. तेवढा तरी पुरा खेळू ना?

विजयकुमार : जेराल्ड, पत्र निघाल्याशिवाय मला काही बोलता येत नाही.

जेराल्ड : पत्राचं कोण विचारतंय? आमच्या पोरीची, लॉराची यंदा दहावी. मधेच शाळा बदलायची, तर वसईत आत्तापासून बोलायला पायजे. बायकोला, ॲनाला आज रात्री काय सांगू, एवढंच विचारतोय.

(विजयकुमार चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावतो.)

विजयकुमार : कमिशनर म्हणून सल्ला देतो. ऑगस्टच्या पुढचं काही घेऊ नकोस.

जेराल्ड : खलास. थँक यू, सर. सुचित्रा मॅडम, पिचर असाच ठेवा तुमच्याकडे.

सुचित्रा : फुकट? मी काय भीक मागतेय? सौदा ठरला तो ठरला. मार्चमध्ये माझा पहिला नंबर तुझाच. फोनवर सांग कोण हवाय ते, मी उचलीन.

विजयकुमार : तसं चालणार नाही. म्हणजे... चालेल. पण परदेशातल्या मेंबरबद्दल आपल्याकडे काहीच तरतूद नाही. एक नवीन कलम घालावं लागेल.

जेराल्ड : परदेशात तर आत्ता आहे, सर. मार्चमध्ये घरी असेन.